क्षमेचा अधिकार कोणाचा?

शरीरास झालेली जखम डोळ्यांना दिसते. तिची लांबी-रुंदी मोजता येते, तिचा वैद्यकीय दाखला मिळतो आणि तो दाखला न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतो. मनास झालेल्या जखमेचे तसे नाही. ज्या स्त्रीचा पती पोलिसांनी वाटेत अडविला व जाळून टाकला, ज्या मातेस आपल्या मुलाचे प्रेतदेखील मिळाले नाही, ज्या माणसास केवळ त्याच्या कातडीच्या रंगावरून जन्मभर कनिष्ठ ठरविण्यात आले, त्यांच्या मनातील जखमेचा पंचनामा कोण करणार? आणि ती जखम बरी तरी कशाने व्हावी?

ह्या प्रश्नास ख्रिस्ती धर्माने एक ठाम उत्तर दिले आहे. अपराध्याने आपला अपराध कबूल करावा, जखमी माणसाने त्यास क्षमा करावी, म्हणजे दोघांचीही मने बरी होतात, असे हा धर्म सांगतो. ही शिकवण शतकानुशतके प्रार्थनामंदिरांतून दिली जात आहे. परंतु एका संपूर्ण राष्ट्राच्या जखमेवर, कायद्याने नेमलेल्या आयोगाच्या द्वारे, तिची परीक्षा झाली ती दक्षिण आफ्रिकेत, १९९६ सालापासून पुढे. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या अपमान सोसला आहे, त्या घरांतील आमच्या वाचकांस ही परीक्षा परक्या देशाची म्हणून दुर्लक्षिण्याजोगी वाटणार नाही. दुसऱ्याच्या धर्माचे परीक्षण करताना निंदा व भाबडी स्तुती हे दोन्ही मार्ग टाळावयाचे असतात. तसे करून ह्या प्रयोगातून काय निष्पन्न झाले हे आपण पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत ज्या धर्माने औषध देऊ केले, त्याच धर्माच्या एका शाखेने जखमही केली होती. तेथील श्वेतवर्णीयांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ साली, काही लोकांच्या ‘दुर्बलतेचे’ कारण पुढे करून, कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांसाठी निराळी उपासना चालविण्यास मुभा दिली. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी चर्चच निराळे काढण्यात आले. प्रार्थनेच्या बाकावर जे प्रथम घडले तेच पुढे राज्यकारभारात आले. १९४८ साली नॅशनल पक्ष अधिकारावर आला व वर्णभेद हे सरकारचे अधिकृत धोरण बनले. आणि ह्या धोरणास बायबलचा आधार आहे असे सांगणारे पंडित त्याच चर्चमधून निघाले. अखेर १९८२ साली ओटावा येथे भरलेल्या रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक परिषदेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले व ह्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. गोळी झाडणारा शिपाई आणि गोळी लागलेला तरुण रविवारी एकाच ख्रिस्ताची प्रार्थना करीत, अशी त्या देशाची स्थिती होती. तेव्हा धर्म जखम बरी करतो काय, ह्या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. कोणाच्या हातातील धर्म, आणि तो कोणाच्या बाजूस उभा आहे, हे आधी विचारावे लागते.

आता कायद्याकडे वळू. वर्णभेदी राजवट युद्धात पराभूत होऊन गेली नाही, वाटाघाटींनी गेली. त्यामुळे १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या अखेरीस राजकीय हेतूने केलेल्या अपराधांना माफी देण्याचे वचन घालावे लागले. ते पाळण्यासाठी १९९५ साली राष्ट्रीय ऐक्य व सलोखा यांविषयीचा कायदा झाला आणि त्याअन्वये सत्य व सलोखा आयोग स्थापन झाला. १ मार्च १९६० पासून १० मे १९९४ पर्यंतच्या अत्याचारांची चौकशी त्याच्याकडे सोपविण्यात आली. अध्यक्षस्थानी अँग्लिकन चर्चचे आर्चबिशप डेस्मंड टुटू होते. उपाध्यक्ष अलेक्स बोरेन हेही मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक राहिलेले गृहस्थ होते. आयोग कायद्याचा, पण त्याचा झगा धर्मगुरूचा होता.

आपल्या भाषेत ‘क्षमा’ आणि ‘माफी’ असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु ह्या लेखापुरता त्यांत भेद करणे अवश्य आहे. सरकार शेतसारा माफ करते, शिक्षा माफ करते. माफी ही दप्तरातील गोष्ट आहे व ती देण्याचा अधिकार सत्तेस असू शकतो. क्षमा ही ज्याचे मन दुखावले त्याच्या अंतःकरणातील गोष्ट आहे. १९९५ च्या कायद्याने माफीसाठी मुख्यतः दोन अटी घातल्या: कृत्य राजकीय हेतूशी निगडित असले पाहिजे, आणि अर्जदाराने सर्व संबंधित हकीकत पूर्णपणे उघड केली पाहिजे. पश्चात्तापाची अट त्यात नव्हती. अत्याचार सोसलेल्यांनी क्षमा केली पाहिजे अशीही अट नव्हती. म्हणजे कायद्याने खुन्याकडून अश्रू मागितले नाहीत आणि विधवेकडून क्षमा मागितली नाही. ही अपेक्षा कायद्याच्या कलमांतून आलेली नव्हती. ती व्यासपीठावरील धर्मवाणीतून आली. ह्या आयोगाचे बळ व त्याचा दोष, दोन्ही ह्याच एका गोष्टीत आहेत.

बळ प्रथम सांगितले पाहिजे, कारण ते खरे होते. एप्रिल १९९६ मध्ये आयोगाची पहिली जाहीर सुनावणी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन ह्या बंदराच्या शहरात झाली. प्रारंभ प्रार्थनेने झाला. क्रॅडॉक येथील चार कार्यकर्त्यांची जून १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी हत्या केली होती. त्यांपैकी फोर्ट कलाता यांच्या पत्नी नोमोन्डे कलाता साक्ष देण्यास बसल्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून जी किंकाळी फुटली तिने सभागृह थिजून गेले व काम थांबवावे लागले. पुन्हा बैठक भरली तेव्हा टुटूंनी भाषण केले नाही. त्यांनी ‘सेंझेनी ना’ हे लोकांच्या ओठांवरचे जुने शोकगीत म्हणावयास आरंभ केला आणि सारे सभागृह त्यांच्या मागून गाऊ लागले. एकटीचे दुःख त्या क्षणी सर्वांचे झाले. साध्या न्यायालयात असे घडू शकत नाही. तेथे साक्षीदार रडू लागला की त्यास पाण्याचा पेला देतात व उलटतपासणी पुढे चालू होते.

काही सदस्यांस ही धार्मिकता खटकत होती. जोहान्सबर्ग येथील सुनावणीच्या वेळी, आयोग हा कायद्याचा असल्याने प्रार्थना न करता क्षणभर शांतता पाळावी, अशी सूचना झाली. टुटूंनी ती मानली. परंतु शांतता पाळून झाल्यावरही त्यांस चैन पडेना, आणि अखेर त्यांनी प्रार्थना केलीच. ह्या प्रसंगावर हसण्याचे कारण नाही. समोर बसलेल्या बहुसंख्य स्त्रिया खेड्यांतून आलेल्या, चर्चमध्येच वाढलेल्या होत्या. ज्या राज्याच्या कचेरीत त्यांस आजवर उभेही केले गेले नव्हते, त्याच राज्याच्या आयोगाने त्यांचे बोलणे त्यांच्या मातृभाषेत ऐकले, त्यांच्या प्रार्थनेने कामाची सुरुवात केली व त्यांच्या शब्दांची नोंद राष्ट्राच्या दप्तरात केली. अशा २१,००० हून अधिक लोकांची निवेदने आयोगाने घेतली. ज्याचे दुःख खोटे ठरविले गेले होते, त्याचे दुःख खरे आहे असे सर्वांसमक्ष मान्य होणे, हा मनाच्या आरोग्याचा पहिला टप्पा होय. तो ह्या धर्मवाणीने गाठून दिला, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

परंतु पहिल्या टप्प्यास मुक्काम समजण्याची चूक होता कामा नये. २००१ साली मनोवैद्यकाच्या एका मान्यवर ब्रिटिश नियतकालिकात दक्षिण आफ्रिकेतील पीडितांविषयीचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. आयोगापुढे साक्ष देणारे व न देणारे यांच्या मानसिक प्रकृतीत त्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. ज्यांच्या मनात क्षमेची भावना कमी होती त्यांच्यात मानसिक व्याधी अधिक आढळल्या, हेही त्याच संशोधनात नोंदले आहे. क्षमावादी ह्या दुसऱ्या निष्कर्षाकडे बोट दाखवितात. पण त्याचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. क्षमा न केल्याने माणूस आजारी पडतो, की ज्याची जखम अधिक खोल आहे त्यास क्षमा करणे जमत नाही, हे असे संशोधन सांगू शकत नाही. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे ध्यानात न घेता ‘क्षमा करा, बरे व्हाल’ असा उपदेश करणारा मनुष्य जखमी माणसावर आणखी एक आरोप ठेवीत असतो: तू अद्याप बरा झाला नाहीस, हाही तुझाच दोष!

आणि येथेच अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. आयोगाने माफी मंजूर केली की अर्जदाराविरुद्धचा फौजदारी खटला तर संपेच, पण पीडिताचा नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही संपे. इतकेच नव्हे, तर नोकराच्या कृत्याबद्दल सरकारवर येणारी जबाबदारीही नाहीशी होई. १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीमुळे मृत्यू पावलेले स्टीव्ह बिको आणि १९८१ साली डरबन येथे भोसकून मारले गेलेले वकील ग्रिफिथ्स म्क्सेंगे, ह्यांच्या कुटुंबीयांनी इतरांसह ह्या तरतुदीस आव्हान दिले. न्यायालयात दाद मागण्याचा घटनेने दिलेला आमचा हक्क कोणताही कायदा हिरावून घेऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २५ जुलै १९९६ रोजी घटना न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. निकालपत्र भारतीय वंशाचे न्यायमूर्ती इस्माइल महोमेद यांनी लिहिले. माफीच्या आश्वासनाशिवाय सत्य बाहेर येणार नाही व जुन्या राजवटीतून नव्या राजवटीत शांततेने येण्याचा पूलच मोडून पडेल, असा त्याचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सहज बाजूस सारता येण्याजोगा नाही. मात्र त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: ही माफी राज्याने राज्याच्या गरजेसाठी दिली. म्क्सेंगे यांच्या तीन मारेकऱ्यांस मे १९९७ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले होते. ऑगस्ट १९९७ मध्ये, शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच, कुटुंबाचा विरोध असताना त्यांस माफी मिळाली. त्या कुटुंबाने क्षमा केली नव्हती. म्हणून त्यांस कोणी ‘सूडबुद्धीचे’ म्हणावे काय? त्यांनी सूड मागितला नव्हता. खटला मागितला होता. सूड आणि खटला यांतील अंतर ज्यास दिसत नाही, त्याने क्षमेवर प्रवचन करू नये.

आयोगाच्या रचनेतच एक विषमता होती, ती कायद्याच्या अभ्यासकास चटकन दिसते. अपराध्यास माफी देण्याचा अधिकार समितीस होता आणि ती माफी मंजूर होताच अमलात येई. पीडितास भरपाई देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही समितीस नव्हता. ती केवळ शिफारस करू शकत होती. आयोगाने ऑक्टोबर १९९८ मध्ये आपला अहवाल राष्ट्राध्यक्ष मंडेला यांस सादर केला व पीडितांस सहा वर्षे वार्षिक अनुदान द्यावे असे सुचविले. सरकारने २००३ साली निर्णय केला तो एकदाच ३०,००० रँड देण्याचा. माफी आधी आली, सत्य अर्धवट आले, भरपाई सर्वांच्या शेवटी व तुटपुंजी आली. ज्यांना क्षमाशील म्हणून जगभर गौरविले गेले त्यांच्या घरी रिकामे भांडे राहिले. पीडितांनी १९९५ सालीच ‘खुलुमानी’ नावाची आपली संघटना उभारली होती. झुलू भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘बोला’ असा आहे. ती पुढे वर्षानुवर्षे ह्याच प्रश्नावर बोलत राहिली.

असे असले तरी ख्रिस्ती श्रद्धेचे ह्या कथेतील दुसरे रूपही वाचकांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मायकेल लॅप्सले हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अँग्लिकन धर्मगुरू वर्णभेदविरोधी लढ्यात होते. २८ एप्रिल १९९० रोजी झिंबाब्वेतील हरारे येथे त्यांनी टपालाने आलेले धार्मिक मासिकांचे पुडके उघडले आणि त्यातील बाँबने त्यांचे दोन्ही हात व एक डोळा गेला. पुढे ते केपटाऊन येथे छळ सोसलेल्यांच्या शुश्रूषेत रमले व १९९८ साली त्यांनी स्मृतींच्या उपचारासाठी एक संस्था काढली. तेथे निरनिराळ्या धर्मांची माणसे लहान लहान गटांत बसतात, एकमेकांस आपली कहाणी सांगतात व इतरांची ऐकतात. उपदेश कोणी करीत नाही. तुम्ही बाँब पाठविणाऱ्यास क्षमा केलीत काय, असे विचारले असता लॅप्सले सांगत आले आहेत की, ते कृत्य आपले म्हणून कोणी पुढेच आलेले नाही. तेव्हा क्षमा करावयाची कोणास?

हेच धर्मगुरू एका सायकलीचा दृष्टांत देतात. एकाने दुसऱ्याची सायकल चोरली. काही काळाने चोर येऊन म्हणाला, ‘मी चूक केली, मला क्षमा कर.’ त्याने केली. मग जाता जाता त्याने विचारले, ‘पण माझी सायकल?’ लॅप्सले यांच्या मते पुष्कळदा धर्माने ह्या शेवटच्या प्रश्नाकडे पाठ फिरविली आहे. ज्याचे स्वतःचे हात गेले, त्याने हे म्हणावे ह्यास फार मोठा अर्थ आहे. टुटूंच्याही प्रामाणिकपणास न्याय दिला पाहिजे. भरपाईस झालेल्या दिरंगाईबद्दल त्यांनी आपल्याच मित्रांच्या सरकारवर उघड टीका केली, आणि २०११ साली स्टेलनबॉश येथे श्वेतवर्णीयांवर संपत्तिकर बसवावा अशी मागणी केली. म्हणजे क्षमेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ताही अखेर सायकलीपाशी येऊन पोचला!

परंतु ह्याच टुटूंच्या एका कृतीने आमच्या विषयाचा गाभा उघड होतो. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग येथे चर्चांची परिषद भरली असता डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मपंडित विली योंकर यांनी आपल्या व आपल्या लोकांच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. टुटू तत्काळ उठले व त्यांनी ती स्वीकारून क्षमा जाहीर केली. प्रसंग हृदयस्पर्शी होता. पण लगेच प्रश्न निघाला: आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला? आम्हास हा प्रश्न पूर्णपणे रास्त वाटतो. मुखत्यारपत्र असल्याशिवाय दुसऱ्याची अर्धा गुंठा जमीनही विकता येत नाही. मग दुसऱ्याचे दुःख परस्पर कसे निकालात काढता येईल?

आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यानेही हे तत्त्व ओळखले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये, आपसांत मिटविता येणाऱ्या अपराधांचा तक्ता आहे. प्रत्येक अपराधासमोर तो कोणास मिटविता येईल हे लिहिलेले आहे: दुखापतीत ज्यास दुखापत झाली त्यास, बदनामीत ज्याची बदनामी झाली त्यास. पाटील, सरपंच, धर्मगुरू किंवा ‘गावातील प्रतिष्ठित मंडळी’ ह्यांचे नाव त्या रकान्यात नाही. आणि खून तर त्या तक्त्यातच नाही, कारण ज्यास क्षमेचा अधिकार होता तोच उरलेला नसतो.

वाचकहो, ह्या साऱ्याचा इत्यर्थ असा. मनाची जखम बरी होणे ही माणसाची मोठी गरज आहे, आणि जी श्रद्धा त्याचे ऐकून घेते, त्याच्या अश्रूंची लाज वाटू देत नाही, त्यास चारचौघांत मान देते, ती श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, उपकारक होय. द्वेषाने पोखरलेले मन घेऊन कोणासही सुखाने जगता येत नाही, हेही खरे. परंतु द्वेष सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मन शांत झालेला मनुष्यही न्यायालयात साक्ष देऊ शकतो. किंबहुना तोच ती अधिक चांगली देतो. म्हणून उद्या कोणी तुमच्या दारी येऊन ‘झाले गेले विसरा, मोठ्या मनाने क्षमा करा’ असे म्हणू लागला, तर त्यास नम्रपणे तीन प्रश्न विचारा. ज्याने अपराध केला तो स्वतः आला आहे काय? जे नेले त्यातील काय तो परत आणीत आहे? आणि आम्ही ‘नाही’ म्हटले तर आमचा मान, आमची मजुरी व आमचा पाणवठा पूर्ववत राहील काय? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर मागितली जाते आहे ती क्षमा नव्हे, शरणागती होय.

दक्षिण आफ्रिकेतील कुटुंबांनी हा भेद विसरू दिलेला नाही. माफी नाकारली गेलेल्या अथवा माफी न मागणाऱ्या अपराध्यांची तीनशेहून अधिक प्रकरणे आयोगाने खटल्यांसाठी सोपविली होती; त्यांतील फारच थोडी पुढे गेली. बिको यांच्याशी संबंधित पोलिसांस १९९९ साली माफी नाकारण्यात आली, तरी त्यांच्यावर खटला झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पंचवीस पीडित कुटुंबांनी व अत्याचारातून वाचलेल्यांनी सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या अग्रभागी फोर्ट व नोमोन्डे कलाता यांचा मुलगा होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांस, हे खटले कोणी दडपले ह्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि बिको यांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशीही पुन्हा उघडण्यात आली. १९९६ साली आईने जी किंकाळी फोडली तिला त्या दिवशी गीताने साथ दिली, हे योग्यच झाले. परंतु तिचे उत्तर मुलगा एकोणतीस वर्षांनंतर न्यायालयात मागतो आहे, आणि ते मिळेपर्यंत त्या कुटुंबास कोणीही क्षमेचा तगादा लावू नये.